पाचवे शील

विहारात बाबा चारच शीले म्हणायचे. पाचव्याला तोंड मिटून घ्यायचे.

आम्ही बौद्ध झालो त्याला पाच-सहा वर्षे झाली होती. अकोल्यात मोर्णा नदीकाठच्या आमच्या वस्तीत टिनाच्या छपराची एक खोली होती, तोच विहार. तिच्या विटा बाबांनी डोक्यावरून वाहिल्या होत्या. दर पौर्णिमेला सगळी वस्ती तिथे बसून पंचशील म्हणे. चौथे शील खोटे न बोलण्याचे, पाचवे नशा न करण्याचे. वस्तीत पिणारे बाबा एकटे नव्हते. बाकीचे उचलली जीभ लावली टाळ्याला करून पाचवेही म्हणत आणि संध्याकाळी नदीकडे जात. दारूबंदी होती, पण मोहाची मिळायची.

मी एकदा विचारले, "बाबा, पाचवं काहून नाही म्हनत?"

"चौथं म्हटल्यावर पाचवं कसं म्हनू?" ते म्हणाले. त्यांचे नाव वस्तीत 'चार शीलांचा' पडले होते. लोक हसत, आणि खरे सांगायचे तर मीही हसले आहे.

बाबा प्रेसमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे. सकाळी घोटभर घेतल्याशिवाय त्यांच्या हातात चहाची बशी ठरत नसे, सगळा चहा मांडीवर सांडे. ही मस्ती आहे, मनात आणले तर आज सोडतील, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मी तेव्हा बावीस वर्षांची, शाळेत मास्तरीण. अमरावतीचे स्थळ आले, मुलगा कचेरीत कारकून. त्याच्या वडिलांनी निरोप दिला की पौर्णिमेला येतो, तुमच्या विहारातच बसू, मग बोलू. मी बाबांना सांगितले, "या पौर्णिमेला पाचवं म्हना. नाही म्हटलं तर मी त्या पाहुन्यापुढं येनार नाही."

मायने मला धीर दिला. "तुया बाप एकदा बोलला का बोलला. तोंडातून निघालं का दारू सोडीनच." त्यांच्या खरेपणावर आमचा एवढा भरवसा होता. चूक तिथेच झाली. खोटारड्या माणसाला आम्ही असे कधी अडवले नसते.

पौर्णिमेला बाबांनी पाचवे शील म्हटले. इतक्या मोठ्याने म्हटले की पुढचे लोक वळून पाहू लागले. पाहुण्याने मान हलवली. मी जिंकले असे मला वाटले. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी आनंदच झाला होता.

त्या दिवसापासून बाबांनी थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी अंगाला पाणी सुटले, अन्न पोटात राहीना. मायने सुंठेचा काढा दिला. शेजारी म्हणाले, सुटते तवा असंच होते, दम धरा. बाबांनी काही मागितले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीसमोर उभे राहून हवेतून काहीतरी वेचू लागले. "बाबा, काय करून राहिले?" म्हटले तर म्हणाले, "कापूस पाह्य किती पडला, वेचून राहिलो." थोड्या वेळाने ते खाली कोसळले, हातपाय ताठ झाले आणि तोंडातून फेस आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "दारू घेतात का?"

"नाही," मी म्हणाले.

"कधीच नाही?"

"आम्ही पंचशील पाळतो, डॉक्टरसाहेब."

बिनपरवान्याची दारू म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे माझी नोकरी आणि अमरावतीचे स्थळ. एवढा हिशेब माझ्या डोक्यात पापणी लवायच्या आत झाला. माय माझ्याकडे बघत राहिली. शिकलेल्या मुलीपुढे ती बोलली नाही. डॉक्टरांनी मेंदूत गेलेला ताप समजून उपचार सुरू केले. मी बाबांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते. काही वाटत नव्हते. घडी तापली की बदलायची, एवढेच.

दुपारी दुसरा झटका आला. बाबा खाटेवरून उजव्या हातावर पडले. कोपर मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

तेव्हा माय बोलली. "पेते थो, डॉक्टरसाहेब. वीस वर्सं झाले. आज तीन दिवस बंद हाये."

"बंद कुणी केली?" डॉक्टरांनी विचारले. मी फरशीकडे पाहत होते.

मला वाटले ते पोलिसांना बोलावतील. त्यांनी नर्सला बोलावले. इंजेक्शने दिली, उग्र वासाचे झोपेचे औषध पाजले. बाबा शांत झाल्यावर त्यांनी आम्हा दोघींना बाकावर बसवले. इतक्या वर्षांनी शरीराला दारूची सवय होते, ती एकदम काढली की असे होते, माणूस जाऊही शकतो, ते म्हणाले. औषध देऊन हळूहळू उतरवावे लागते, पुढे महिनोन् महिने जपावे लागते. "पुन्हा प्यायले तर पुन्हा आणा. पण लपवू नका. हा आजार आहे, बाई. साखरेच्या रोग्याला तुम्ही शपथ घालता का?"

मला रडू यायला हवे होते. आले नाही. ते पुढे बरेच महिने आले नाही. शाळेत मी पाढे म्हणून घेत होते, घरी भाकरी थापत होते, आणि हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे चालत होते. अमरावतीहून निरोप आला नाही. त्याचेही काही वाटले नाही.

बाबांचे कोपर वाकडेच राहिले. गाठी बांधणे सुटले, प्रेसच्या फाटकावर बसायचे काम मिळाले. ते दोनदा पुन्हा प्यायले. दोन्ही वेळा मी त्यांना दवाखान्यात नेले आणि कुणी विचारायच्या आधी सगळे सांगितले. तिसऱ्यांदा न्यावे लागले नाही.

पुढच्या वर्षी एका पौर्णिमेला ते माझ्यासोबत विहारात आले. शीले सुरू झाली. तीन मी म्हटली. चौथ्याला माझे तोंड उघडले नाही. पुरुषांच्या बाजूने बाबांचा आवाज येत होता, चौथ्यालाही आणि पाचव्यालाही, नेहमीसारखा हळू.

बाहेर आल्यावर त्यांनी डाव्या हाताने चपला शोधल्या, माझ्याही काढून समोर ठेवल्या.

"चौथं नाही म्हटलं तू," ते म्हणाले.

मी त्यांच्या वाकड्या कोपराकडे पाहिले. "कसं म्हनू, बाबा?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाले, "नोको म्हनू. मले कोनी जबरदस्तीनं म्हनायले लावलं तं काय झालं, पाह्यलं ना? जवा मनातून येईन तवा म्हन."

तिथे विहाराच्या दारात, सगळ्या वस्तीसमोर, मला रडू आले.