समासकाकांचं कोरं पान

आमच्या पाणीपुरवठा ऑफिसात सत्तावीस वर्षं टंकलेखक असलेल्या गृहस्थांना सगळे समासकाका म्हणत. कागदाच्या डाव्या बाजूला दीड इंच कोरी जागा सुटलीच पाहिजे, नाहीतर फायलीला लावताना भोकं अक्षरांवर पडतात, हा त्यांचा एकमेव धर्म. नवे लागलेले लोक मुद्दाम विचारायचे, "काका, समास कुठला? द्वंद्व की तत्पुरुष?" काका शांतपणे पट्टी पुढे करायचे. "दीड इंच. मोजून बघा."

मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचे. आवक-जावक माझ्याकडे, म्हणजे येणारं-जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हातून जायचं. तेव्हा पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तो काकांनी हूं की चूं न करता स्वीकारला. एकच गोष्ट खुपायची. नवं पान उघडलं की डावा समास एक इंच. रोज दीड करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. "काल सांगितलेलं याला आज आठवत नाही," ते म्हणायचे. "आमच्या साडूसारखं आहे हे."

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या बाईंनी त्यांना आतली गोष्ट सांगितली. "काका, कोरं पान कोरं नसतं. आत एक साचा असतो, टेम्प्लेट म्हणतात त्याला. प्रत्येक नवं पान म्हणजे त्याची नक्कल. साचाच बदला, की कटकट मिटली."

त्या दुपारी काका डबा खायलाही उठले नाहीत. साचा उघडला, समास दीड इंच केला, अक्षर मोठं केलं, ओळींमधलं अंतर वाढवलं. एवढ्यात साहेब घाईघाईने आले. आमचे एक निवृत्त अभियंता वारले होते, त्यांच्या घरी लगेच पत्र जायला हवं होतं.

"आणि सांत्वनाची ओळ अगदी तळाशी घ्या, बारीक अक्षरात," साहेब म्हणाले. "भपका नको."

समोर साचाच उघडा होता. काकांनी त्यातच पत्र टाइप केलं, सांत्वनाची ओळ पानाच्या तळपट्टीत, म्हणजे फूटरमध्ये, घातली आणि छापून दिलं. मग वरचा मजकूर पुसला आणि साचा सेव्ह केला. तळपट्टी पुसायची राहिली. ती पडद्यावर फिकट दिसते, आणि काकांची नजर जन्मभर डावीकडेच.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पत्राखाली छापून जाऊ लागलं, 'आपल्यावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत.' नळजोडणी मंजूर झाल्याच्या पत्राखाली. मीटर बदलायच्या नोटिशीखाली. शेजारच्या विभागातल्या बाईंना बढती मिळाली, त्यांच्या अभिनंदनाखालीसुद्धा. पाकिटं मीच भरत होते. पण घडी घालताना तळाचं वाचतं कोण?

आधी फोन आले. "कोण गेलं?" एवढंच विचारायचे. मी "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून द्यायचे.

मग एक दिवस भांडकुदळ म्हणून ऑफिसभर माहीत असलेले एक शिक्षक आले. नळाला धार नाही म्हणून ते अकरा वर्षं तक्रारी करत होते. त्यांना पाहताच शिपाई जिन्याने वर पळाला. पण शिक्षक काकांपुढच्या खुर्चीवर हळूच टेकले आणि पत्र उलगडलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"टाइप मी केलं," काका म्हणाले. "समासात काही चूक आहे का?"

"नाही हो. अकरा वर्षांत पहिल्यांदा या इमारतीतून माणसासारखं कोणी बोललं. तक्रार मागे घेतो."

"पण पाणी?"

"येईल तेव्हा येईल."

महिन्याभरात तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेबांना संशय आला. त्यांनी जावक प्रती मागवल्या, ओळ सापडली, आणि काकांना लेखी खुलासा द्यायला सांगितलं. काकांनी दोन पानी खुलासा टाइप करून दिला. अर्थात, त्याच्याही तळाशी ती ओळ होती.

साहेबांनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझ्या बदलीचं मी घरीसुद्धा बोललो नव्हतो," ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

काकांना काहीच कळलं नव्हतं. पण ते सत्तावीस वर्षं नोकरीत होते; अशा वेळी मान खाली घालून उभं राहायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनी आल्या आल्या ओळ काढायला लावली. काकांनी साचा उघडून तळपट्टी पुसली, समास मात्र दीड इंच ठेवला. आणि पंधरा दिवसांत तक्रारींचा पाऊस पडला. 'आपल्या कार्यालयातली पूर्वीची आपुलकी राहिली नाही,' असं एका सोसायटीने चाळीस सह्यांनिशी कळवलं. ते वरपर्यंत गेलं. वरून परिपत्रक आलं : सहभागाची ओळ तत्काळ पूर्ववत करावी, आणि सर्व शाखांनी हाच साचा वापरावा. काकांना सहा शाखांमध्ये शिकवायला पाठवलं. लोक ओळीबद्दल विचारायचे, काका समासावर दोन तास बोलायचे. परत आले ते दमून, पण चेहरा उजळलेला.

त्यानंतरच्या सोमवारी एक आजी आल्या. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"आमच्या गल्लीत सगळ्यांना पत्र आलं," त्या म्हणाल्या. "मला नाही आलं."

काकांनी रजिस्टर पाहिलं. "आजी, तुमची तक्रारच नाही. पाणी येतं ना?"

"चांगलं येतं."

"मग पत्र कशाचं पाठवू?"

आजींनी थोडा विचार केला. "मग तक्रार लिहून घ्या. तक्रार नाही म्हणून पत्र येत नाही, अशी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आवक शिक्का काढला. अर्जावर आजींनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर वळवत. नियमाप्रमाणे उत्तराला सात दिवस लागतात, हे काकांनी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "चालेल, मला घाई नाही."

सातव्या दिवशी ते पत्र काकांनी स्वतः टाइप केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पान आधी तळापासून वाचलं, मग वर गेले. पाकीट मी भरलं, आणि तिकीट लावून त्याच दिवशी पेटीत टाकलं.