बी-२७ आणि वेगळं ताट
मला न झालेला आजार मी मोहाचा अख्खा बहर संपेपर्यंत मन लावून भोगला, हे त्या फुलांचा गोडसर वास आला की अजून आठवतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धानोऱ्याकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचा कणा लाकडासारखा आखडला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्याबरोबर सख्खी बहीण म्हणून माझंही रक्त तपासायला पाठवलं आणि दोघांच्याही कागदावर बी-२७ नावाची खूण सापडली. मी सातवी शिकलेली, म्हणजे भलतीच हुशार. डॉक्टरांना काही न विचारताच आपलीही पाठ गेली असं ठरवून टाकलं. घरच्यांना लागू नये म्हणून ताट-लोटा वेगळा केला, लेकीला सासूजवळ निजवलं. तिचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येई. पहाटे बायका टोपल्या घेऊन मोह वेचायला जात, आणि मी ओट्यावर एकटी बसून पाठ दुखायची वाट बघे. ती मेली दुखेचना. शेवटी भाऊ भेटायला आला. भिंतीला धरून कसाबसा खाली बसला, माझ्याच वेगळ्या ताटातला भात कालवून खाल्ला नि म्हणाला, "डॉक्टर म्हनत होते, हे खूण लय लोकाइच्या रक्तात रायते, बिमारी थोड्याइलेच होते, अन् ते कोनाले लागत नाई. पाठ माही आखडली बाई, तू काऊन बसून राह्यली?"