टाळीत बांगडी हवी

माणसाला वैताग कसा येतो हे ज्याला शिकायचं असेल त्याने माझ्या मामेसासऱ्यांकडे चार दिवस राहावं. पाचव्या दिवशी तो एकतर डिस्को नाचायला लागेल, नाहीतर सरळ संन्यास घेईल. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे लोणावळ्याजवळच्या औंढ्याचे, पण मिसरूड फुटायच्या आत मुंबईला पळाले आणि डिस्कोच्या जमान्यात त्यांनी कॅसेटी काढल्या. काढल्या म्हणजे चाल त्यांची, कुठलं वाद्य कुठे वाजायचं तेही त्यांचं, आणि गाणारीला रडवायचं कामसुद्धा त्यांचंच. त्यांचं एक गाणं तर असं चाललं होतं की गणपतीच्या मांडवापासून सलूनपर्यंत तेच ऐकू यायचं. पुढे डिस्को गेला, कॅसेटी गेल्या, मामी गेल्या, आणि मामा औंढ्याला परत आले. भावाची पोल्ट्री बंद पडली होती. आवाज घुमू नये म्हणून त्या शेडच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवून त्यांनी तिथे स्टुडिओ थाटला. ट्रे आयतेच होते. वासही आयताच होता, तो अजून आहे.

माझं लोणावळ्यात इलेक्ट्रिकचं दुकान आहे, हा माझा गुन्हा. गिऱ्हाईक समोर उभं असताना फोन वाजतो. "जावईबापू, बसा गाडीवर अन् या. येताना वायर आणा." जावयाचा मान ठेवून, अहोजाहो करून, हमालासारखं राबवून घ्यावं ते मामांनीच. जावं तर भर दुपारी बंद शेडमध्ये पांढरी बेलबॉटम आणि काळा गॉगल घालून बसलेले. एकदा मी न राहवून विचारलं, मामा, आत मिट्ट काळोख आहे, गॉगल कशाला? म्हणाले, "गॉगल डोळ्यासाठी नसतो. ठेक्यासाठी असतो." छताला टांगायचा आरशांचा गोळा त्यांनी मुंबईहून आणला होता. काम नसलं की तो शेजारच्या आबांच्या भातावर पाखरं हाकायला लटकत असे. गाणं निघालं की मामा तो काढून आणत, आणि आबा शेडच्या दारात येऊन उभे राहत. "गाणं कवा संपतंय? पाखरं लय झाल्यात."

ठेका हे मामांचं दैवत आणि आमचं दुखणं. पवनानगरला नात्यातलं लग्न होतं. वरात निघाली, तर यांनी ती अर्ध्यात थांबवली, बँजोवाल्यांना रस्त्याच्या कडेला घेतलं आणि ताशा कुठे पडायला हवा ते शिकवत बसले. नवरदेव उन्हात घोड्यावर, भटजी मुहूर्त जातोय म्हणून घड्याळ दाखवताहेत, आणि घोडा सोडून सगळे हवालदिल. घरी जेवायला आले तर कुकरशी भांडायचे. शिट्टी बेताल होते म्हणे. अलीकडे मात्र ते कुकरला काही बोलेनासे झाले होते. आम्ही नवरा-बायको खूश. वयाने का होईना, माणूस निवळला म्हणायचा.

तर अशा या मामांना गेल्या वर्षी पुन्हा काम आलं. हल्लीच्या पोरांना जुना डिस्को हवासा झालाय म्हणे. आधी पुण्याचा एक मुलगा आला. तो गाण्यात भराभर बोलायचा, आणि "तू आधी श्वास घे रे" असं मामांनी इतक्यांदा सांगितलं की तो श्वास घ्यायला म्हणून जो बाहेर पडला तो परत आलाच नाही. मग देहूरोडची एक मुलगी आली. वडील डेपोत नोकरीला, ही घरी बसून गाते आणि लाखो लोक मोबाइलवर ऐकतात. पोर गुणी, आणि चिवट. पोल्ट्रीच्या वासाला तिने नाक मुरडलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की ही टिकणार. तिच्याबरोबरचं गाणं म्हणजे मामांची शेवटची संधी होती, आणि ते त्यांनाही कळत होतं. बेलबॉटमला नव्याने इस्त्री होऊ लागली होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण गाडी अडली टाळीवर. डिस्कोत टाळी लागते, आणि मामांना ती खऱ्या हातांची लागते. एवढंच नाही, तिच्यात काचेची बांगडी वाजली पाहिजे. याला इतिहास आहे. त्यांचं ते चाललेलं गाणं झालं त्या दिवशी टाळीवाली माणसं आलीच नव्हती. मामी डबा घेऊन आलेल्या, त्यांनाच उभं केलं. टाळीबरोबर बांगड्या किणकिणल्या. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, बाई, बांगड्या काढा आणि परत वाजवा. मामी म्हणाल्या, सवाशिणीने हात मोकळे ठेवायचे नसतात. झालं, तीच टाळी राहिली आणि लोकांनी तीच उचलून धरली. ती मूळ टेप मामांनी अजून जपून ठेवली आहे.

आता तशीच टाळी हवी म्हणून मला बाजारात पिटाळलं. मी हातभर बांगड्या घेतोय बघून कासाराने विचारलं, लग्न कुणाचं? मी म्हटलं, माझ्या मामेसासऱ्यांचं, डिस्कोशी. आळीतल्या बायका जमवल्या. त्यांना टाळी माहीत ती आरतीची. ती संथ सुरू होते, आणि शेवटाकडे ती वाढत वाढत घोडदौड करते. मामा इकडे हात वर करून "सावकाश" म्हणताहेत, आणि बायका आता कापूर लावायच्या बेतात. शेवटी कशीबशी जमली, तर मामा म्हणाले, "टाळी येतीय, बांगड्या न्हाई येत. जोरात." पुन्हा जोरात. "न्हाई येत. अजून भरा हातात." कोपरापर्यंत बांगड्या भरलेल्या बायका जीव खाऊन टाळ्या वाजवायला लागल्या, आणि एकीची बांगडी वाढली. बांगडी फुटली म्हणत नाहीत आमच्याकडे, वाढली म्हणतात. मग दुसरीची वाढली. तशी म्होरकी मावशी उठली. "गाणं ऱ्हाऊ दे तुमचं. आमच्या नवऱ्यांच्या जिवावर उठलाय का भाऊ?" म्हणाली, आणि शेड रिकामी झाली.

मुलीने मला बाजूला घेतलं. "काका, बांगड्या आल्यात. मी लॅपटॉपवर कमी करते, सर पुन्हा वाढवतात. त्यांना बारीक आवाज ऐकूच येत नाहीये. परवा गाणं द्यायचंय. असं गेलं तर लोक हसतील सरांना. तुम्ही सांगा ना."

मी कसला सांगतोय. ज्या माणसाने आयुष्यभर कानांवर पोट भरलं त्याला कान गेले म्हणून जावयाने सांगायचं? मामांनी बटण वर नेलं. शेडमध्ये गाणं राहिलंच नाही, नुसता कासाराच्या दुकानात बैल घुसल्यासारखा आवाज. आणि मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता जरा जरा येत्यात, व्हय ना?"

माझा तोल गेला. "मामा, बांगड्यांशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाहीये! तुमचे कान गेलेत!"

मुलीने गाणं बंद केलं. मामांनी गॉगल काढला. इतक्या वर्षांत मी त्यांचे डोळे त्या शेडमध्ये पहिल्यांदा पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले, कपाटातून ती जुनी टेप काढली, मशीनवर चढवली आणि चालू केली.

"आहेत का यात?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तिच्या बांगड्या."

होत्या. टाळीमागून लगेच, बारीक, स्वच्छ. मी म्हटलं, "आहेत मामा. सगळ्या आहेत."

मामा मटकन खुर्चीत बसले. "मला वाटलं, टेप झिजली," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली, लावतो, ती येतच न्हाई. म्हणून नवीन कराया बसलो." मग डोळे पुसून एकदम हसले. "कान गेलेत व्हय? मग काय न्हाई. टेप चांगली हाय म्हणायची."

गाणं झालं. बांगड्या किती ठेवायच्या ते मुलीने ठरवलं आणि मामांनी हूं की चूं केलं नाही. तिने त्यांचं नाव आपल्या नावाच्या आधी घातलं. शनिवार-रविवारी पवनेकाठी तंबूत राहायला जाणाऱ्या गाड्यांतून ते वाजत जातं. आबांना गोळा परत मिळाला. कानाचं यंत्रही आणून दिलं आहे, पण त्यातून गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं म्हणून मामांनी ते डब्यातच ठेवलंय.

फोन अजून येतो. दुकान बायकोवर टाकून जावं लागतं. हल्ली वायर नको असते. मामा जुनी टेप लावतात, मला शेजारी बसवतात, आणि मामींच्या बांगड्या वाजल्या की मी त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवायचं, एवढंच काम. परवा बसलो होतो. ते डोळे मिटून होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"एक सुटली, जावईबापू," मामा म्हणाले. "टेप मागं घ्या."

मी टेप मागे घेतली.