स्क्रीन तिकडे का वळवली?

"स्क्रीन तिकडे का वळवली?" लेनाने झोपल्या झोपल्या मला विचारलं. रशियनमध्ये.

मी डॉक्टरांना मराठीत विचारलं, "स्क्रीन तिकडे का वळवलीत?"

"आमच्याकडे अशीच असते," डॉक्टर म्हणाल्या. मान वर न करता.

मी तेवढंच रशियनमध्ये सांगितलं. लेनाच्या पोटावर जेल चोपडलेलं, एसी फुल, आणि डॉक्टरांचा हात पोटावरून ते सोनोग्राफीचं यंत्र फिरवतोय. डॉक्टर तरुण होत्या. चेहरा असा कोरा की बघून कळू नये, ह्या बाईला आनंद झालाय की पोटात दुखतंय.

"त्यांना म्हणावं, जे दिसतंय ते सगळं सांगा मला," लेना म्हणाली.

मी सांगितलं. डॉक्टरांचा हात थांबला. "हे बघा मॅडम, इथे आम्ही काही सांगत नाही. रिपोर्ट मोठ्या मॅडमकडे जाईल."

हेही मी तसंच्या तसं सांगितलं. लेना कोपरावर उठून बसायला लागली. "मी घाबरणार नाही. खरं काय ते सांगा. मी सहन करीन."

आता डॉक्टर चिडल्या. "बजावा हो यांना, परत विचारू नका म्हणावं. माझं लायसन्स जाईल."

मी लायसन्ससकट सगळं पोचवलं. लेना पांढरीफटक पडली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मला काही समजेना. खरं सांगायचं तर रागच आला. म्हटलं, एवढ्या लांबून आलेली, शिकलेली बाई, आणि हिलासुद्धा मुलगा की मुलगी ते आत्ताच्या आत्ता हवंय!

थोडं माझ्याबद्दल. मी पुण्यात रशियन शिकले आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात इंटरप्रिटर म्हणून नोकरी केली. तिकडचे इंजिनीयर मशिनरी बसवायला यायचे, त्यांच्या आणि आपल्या लोकांच्या मधे मी. मला शुभदा वामनोवना म्हणायचे, कारण तिकडे नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही, वडिलांचं नाव जोडावं लागतं. आता रिटायर होऊन तिथेच जवळ, भरे गावात राहते. बेअरिंग, गास्केट, टॉलरन्स असले शब्द झोपेतसुद्धा सांगेन. पण बाळाची वार आणि गर्भजल यांना रशियनमध्ये काय म्हणतात ते मला आदल्या दिवशी शोधून पाठ करावं लागलं होतं.

आमच्या कामाचा नियम एकच. जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं आणि पदरचं काही घालायचं नाही. मधल्या माणसाने अक्कल चालवली की दोन्हीकडचे फसतात. नोकरीत हा नियम मी कधी मोडला नाही.

लेना मूळची कझाकस्तानची. रशियन नव्हे, रशियन बोलणारी. हा फरक तिने मला पहिल्याच फोनवर ऐकवला. नवरा मॅक्सिम हिंजवडीत आयटीत, आणि दोघं जवळच्या जांबे गावात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. मॅक्सिमचं ऑफिसपुरतं इंग्रजी चांगलं. लेनाचं भाजी घेण्यापुरतं. नवीन देशात, पोटात मूल, आणि आपली भाषा बोलणारं कोणी नाही. मग अशा बाया काय करतात? मोबाईलवर त्यांचे ग्रुप असतात. आपला डेंटिस्ट, आपली पार्लरवाली, आपली डॉक्टरकडे सोबत करणारी. 'आपली' म्हणजे रशियन बोलणारी. तिथे गोव्यातली एक बाई फोनवरून सल्ले द्यायची. तिने लेनाला सांगून ठेवलं होतं की इथले डॉक्टर खरं सांगत नाहीत, आणि लोकल इंटरप्रिटर घेतलीस तर ती हॉस्पिटलच्याच बाजूने बोलणार.

तरी लेनाने मला बोलावलं, कारण गोव्यातली बाई काही जांब्याला येत नव्हती. पहिला प्रश्न होता, "तुम्ही हॉस्पिटलच्या का?" मी म्हटलं, "नाही, मी भऱ्याची." तिला ते उत्तर पटलं नसावं.

तर सोनोग्राफी झाली. बाहेर बाकावर मॅक्सिम बसला होता. आत नातेवाइकांना सोडत नाहीत. शेजारी घरमालकीण हिराबाई. जमीन आयटी पार्कात गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी तीन मजले चढवले होते. लेनाला पोटच्या पोरीसारखं बघायच्या.

"काय म्हनली डाक्टरीन?" हिराबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

हिराबाईंनी लेनाचं रडवेलं तोंड बघितलं, दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "नजर लागली गं माजे बाय तुला." लेना आणखीच हुंदके देऊन रडायला लागली. मोठ्या मॅडम, म्हणजे तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टर, पुढच्याच केबिनमध्ये बसल्या होत्या. तिकडे जायला तिने साफ नकार दिला आणि रिक्षात जाऊन बसली.

संध्याकाळी मॅक्सिमचा फोन. लेनाने बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. बॅग भरली होती. आईकडे जाते म्हणत होती, पुढच्या विमानाने.

मी मोठ्या मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी एक मोठा उसासा टाकला. "काही फॉरेनर फार हट्ट करतात हो, मुलगा की मुलगी. आपण काय करणार?"

"अहो, पण ती गोळ्या घेत नाहीये."

"काय?" त्यांचा आवाज बदलला. "सातवा संपत आलाय तिचा. बीपी चढलं तर झटके येतात. आई आणि बाळ, दोघांच्या जिवावर बेततं. विमानात कोण बघणार तिला? तुम्ही तिची भाषा बोलता ना? उद्या उचलून आणा, पण आणा."

रात्रभर मी विचार करत बसले. मुलगा की मुलगी कळलं नाही म्हणून कोणी गोळ्या सोडतं? कोणी देश सोडतं? काहीतरी जुळत नव्हतं, आणि कुठे ते सापडत नव्हतं. मशीन असतं तर उघडून तरी बघितलं असतं.

सकाळी जांब्याला गेले. लेना पलंगावर, पाय सुजलेले. हिराबाई तिला पेज पाजायच्या प्रयत्नात. मॅक्सिम खिडकीशी उभा, हातात मोबाईल, तोंड उतरलेलं.

"शुभदा वामनोवना," लेना म्हणाली, "तुम्ही आत होतात. तुम्हीही बाईच आहात. माझ्या बाळाला काय झालंय?"

"बाळाला? बाळाला कुठे काय झालंय?"

"बघा. तुम्हीही." ती मॅक्सिमकडे वळली. "मी म्हटलं नव्हतं?"

मग तिने एकेक करून सांगितलं. स्क्रीन वळवली. नवऱ्याला बाहेर ठेवलं. मी ट्रॅफिकमध्ये अडकले होते तेव्हा रिसेप्शनवर तिच्याकडून कशाकशावर सह्या घेतल्या. डॉक्टरचा चेहरा दगडासारखा. विचारलं तर म्हणे लायसन्स जाईल. बाहेर आल्यावर म्हातारी तोंडावरून हात फिरवून बोटं मोडते. "माझे वडील आजारी होते तेव्हा हेच झालं. डॉक्टर आईला कॉरिडॉरमध्ये नेऊन बोलायचे, आणि वडिलांना म्हणायचे, आराम करा. ते जाईपर्यंत त्यांना कोणी खरं सांगितलं नाही. तो चेहरा मी ओळखते."

अगं बाई!

तिने मुलगा की मुलगी हे विचारलंच नव्हतं. एकदाही नाही. ती विचारत होती, बाळ धड आहे ना? आणि आम्ही दोघी, डॉक्टर आणि मी, दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत बसलो होतो. कारण इथे सोनोग्राफीच्या खोलीत लोक एकच गोष्ट विचारतात अशी आमची खात्री. बाळ ठीक आहे एवढं म्हणायलासुद्धा ह्या डॉक्टर कचरतात. जरा हसून बोललं तरी बाहेरचे नातेवाईक पेढे की बर्फी ते ठरवून मोकळे होतात, आणि मग तक्रार होते. म्हणून तोंड शिवून बसायचं.

"लेना, त्या खोलीत फक्त एक गोष्ट सांगायला बंदी आहे. मुलगा आहे की मुलगी."

"का?"

"कायदा आहे. त्या सह्याही त्याच्याच."

मॅक्सिम म्हणाला, "हो, बोर्ड होता तसा. मला वाटलं, त्या दवाखान्यात ती सोय नाही."

"पण का?" लेनाने परत विचारलं. "मुलगी आहे हे सांगण्यात गुन्हा कसला?"

आता आली का पंचाईत. माझं रशियन एरवी अडत नाही. तेव्हा अडलं. शेवटी सरळ सांगितलं. "कारण मुलगी आहे कळलं की लोक पाडायचे. अजूनही काही जण पाडतात. म्हणून कोणालाच सांगायचं नाही असं ठरलंय."

तिने माझा हात थोपटला. मग हळूच म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात. माझं समाधान व्हावं म्हणून गोष्ट रचताय. एका अख्ख्या देशातले डॉक्टर असं करतात? जिला मुलगी नकोय अशी आई मला दाखवा."

आता काय करणार? खरं सांगितलं तर तेच खोटं वाटतंय! मी हातच टेकले.

"काय म्हनतीया ती?" हिराबाईंनी विचारलं.

मी थोडक्यात सांगितलं. म्हटलं, "तिचा विश्वास बसत नाही, हिराबाई. मी खोटं बोलतेय म्हणते."

हिराबाईंनी पेजेचं भांडं खाली ठेवलं. उठून दार लोटून घेतलं. परत येऊन लेनाच्या शेजारी बसल्या.

"माजं सांगा तिला. पर तिच्याच भाषंत सांगा. मराटीत एक सबुद परत बोलू नगा. हितं खाली समदी हायेत."

आमच्या कामाची आणखी एक रीत आहे. इंटरप्रिटर कधी 'त्या म्हणतात' असं म्हणत नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. चीफ इंजिनीयर भडकला तर मीही म्हणायचे, मला हे मान्य नाही. सवयीने जमतं.

"मला न्हेलं हुतं," हिराबाई म्हणाल्या. "थोरलीच्या पाठीवर. सासरं म्हनलं, तपासनी हाय. तितल्या मानसानं मशीन फिरवलं, सासऱ्याकडं बगून मान हलवली. मला कोन काय बोललं न्हाई. मग परत न्हेलं अन् मोकळी करून आनली. दुसऱ्या खेपंला मला ठावं हुतं. तरी गाडीत बसून ग्येले. घरी यिऊन भाकरी थापल्या."

मी रशियनमध्ये म्हणाले, "मला नेलं होतं." आणि थांबले. हिराबाई समोर ताठ बसलेल्या, डोळे कोरडे, आणि रडतेय मी. कसंबसं पुरं केलं.

लेनाने हिराबाईंचा हात धरला. "तुम्हाला कोणी सांगितलं का, मुलगी आहे म्हणून?"

"न्हाई. त्यास्नी सांगितलं. मला न्हाई."

हे मात्र लेनाला समजावून सांगावं लागलं नाही. तिने हात तसाच धरून ठेवला. मग मला विचारलं, "म्हणजे आता डॉक्टर नवऱ्यालाही सांगत नाही?"

"नाही."

"सासऱ्याला?"

"कोणालाच नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि मॅक्सिमकडे गोळी मागितली.

दुपारी आम्ही सगळे दवाखान्यात. मोठ्या मॅडमनी बीपी बघून तिला लगेच ॲडमिट करून घेतलं. मी त्यांना आधीच दारात गाठून सगळा घोळ सांगितला होता. त्यांनी लेनाला रिपोर्टमधलं एकेक अवयवाचं नाव घेऊन सांगितलं, हृदय ठीक, मणका ठीक, वाढ ठीक, आणि मी एकेक शब्द पोचवला. वार आणि गर्भजलासकट. लेना प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. पुढे थोडं लवकरच, सिझेरियन करून बाळ झालं. दोघंही सुखरूप.

लेनाने त्यांच्या ग्रुपवर माझ्याबद्दल लिहिलं. मॅक्सिमने मला वाचून दाखवलं. "बाई तापट आहेत. बाळंतपणाबद्दल पंप बसवतोय अशा भाषेत बोलतात. पण ऐकलेली गोष्ट लपवत नाहीत." एवढं प्रशस्तिपत्र मला कारखान्याने कधी दिलं नव्हतं. हिराबाईंबद्दल तिने तिथे एक अक्षर लिहिलं नाही.

तेव्हापासून मला बरीच कामं येतात, जास्त करून दवाखान्यातली. सोनोग्राफी असली की मी अर्धा तास आधी पोचते आणि बाहेरच्या बाकावर बसून स्क्रीन, बंदी, सह्या, सगळं आपल्या मनाने सांगून टाकते. आत गेल्यावर पदरचं काही घालत नाही. बाहेर घालते. नियमात बसत नाही, पण गास्केटला भीती वाटत नाही आणि पेशंटला वाटते, एवढा फरक मला उशिरा का होईना समजला.

हे लिहायच्या आधी मी जांब्याला जाऊन हिराबाईंना विचारलं. नावं सगळी बदलीन म्हटलं. तुम्ही नको म्हणालात तर लिहिणारच नाही.

त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हातातले खडे बाजूला टाकले.

"लिव्हा," मग म्हणाल्या. "सूनबाईला दिस ग्येल्यात. माजा ल्योक वाचील आसं लिव्हा."

म्हणून हे मराठीत लिहिलं.