साइट हलवली, फोटो तिथेच

आमच्या समाजमंडळाचा चिटणीस होऊन मला अकरा वर्षं झाली. इतकी वर्षं कुणी काढलं नाही, म्हणजे आपलं काम चोख असणार, असा अर्थ मी लावत असे. दुसऱ्या कुणाला ते काम नकोय, हा अर्थ बायकोने लावून दिला.

चिटणिसाचं मुख्य काम वधू-वर परिचय पुस्तिका काढणं. पुस्तिकेचा एक मोठा गुण मला ती बंद झाल्यावर कळला: ती जुनी होत असे. वर्षभरात पानं सुटत, मुलींची लग्नं होत आणि उरलेल्या प्रती जळगावातल्या कुठल्यातरी भजीवाल्याकडे पोचत. 'माझ्या पोरीचं पान काढा' म्हणायला कुणा बापाला माझ्याकडे यावं लागलं नाही.

मग मंडळाने वेबसाइट काढायचं ठरवलं. ठराव एकमताने झाला, कारण करायचं मलाच होतं. साइट बनवणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, होस्टिंग कुणाचं घेताय?" होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, हेही त्यानेच सांगितलं. जागा म्हटल्यावर मी आपल्या रीतीने विचार केला. आपल्याकडे आधी घरमालक कुणाचा कोण ते बघतात. नळाला पाणी येतं का, ते राहायला गेल्यावर.

धुळ्याला देवपुरात माझ्या मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो होस्टिंगही विकतो. "घरचा माणूस असताना बाहेर कशाला शोधताय?" बायको म्हणाली, आणि शोध संपला. मी एकदम पाच वर्षांचा प्लॅन घेतला. पाच वर्षं डोक्याला ताप नको.

ताप दुसऱ्याच वर्षी आला. मेळाव्याच्या दिवशी अख्ख्या सभागृहाने एकाच वेळी मोबाइलवर साइट उघडली आणि ती बसली. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "आपले चिटणीस प्रयत्न करत आहेत." प्रयत्न म्हणजे मी मोबाइल खिडकीबाहेर धरून उभा होतो.

त्यानंतर मी ठरवलं, आता नातं बघायचं नाही, गुण बघायचे. तीन आठवडे रोज जेवणानंतर चष्मा लावून कंपन्या वाचत बसलो. प्रत्येकीचा अपटाइम, म्हणजे साइट चालू राहण्याचा वेळ, ९९.९ टक्के. म्हणजे सगळ्याच बोर्डात आलेल्या, नापास कुणीच नाही. सगळं 'अनलिमिटेड', आणि त्या शब्दाच्या डोक्यावर डासाएवढी चांदणी. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी, तो वाचायला मोतीबिंदूच्या आधीचे डोळे हवेत. दर पहिल्या वर्षाचा मोठ्या अक्षरात, दुसऱ्या वर्षाचा शोधून काढायचा. शेवटी दमलो आणि एकेका कंपनीला फोन लावले. एका ठिकाणी उचलणारा माणूस आधी खोकला. यंत्र खोकत नाही, एवढ्या आधारावर मी कंपनी निवडली. ती चांगली निघाली, हे माझं कर्तृत्व नव्हे.

गाढवपणा पुढेच केला. जुनी साइट हलवायची तर मेहुण्याकडून चाव्या मागायला हव्यात, आणि चाव्या मागायच्या तर 'आम्ही तुला सोडतोय' हे सांगायला हवं. ते तोंड माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी नवं नाव घेतलं, नवी साइट केली, माहिती उतरवून घेतली आणि जुनी तिथेच पडू दिली. पडून राहिलेली गोष्ट आपोआप मरते, अशी माझी समजूत. मेहुण्याला ही बातमी एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, आमच्या खजिनदाराकडून कळली. तेव्हापासून तो माझ्या फोनला फक्त "हं" म्हणतो. मीही कुणी विचारलं की सांगत आलो, "जुन्या साइटची किल्ली मेहुण्याने दाबून ठेवलीय."

गेल्या महिन्यात एका सोमवारी एरंडोलहून आमच्या समाजातल्या एका आबांचा फोन आला, त्यांच्या नेहमीच्या अहिराणीत. त्यांच्या मुलीचं जमलं होतं. मुलगा नरडाण्याला एमआयडीसीत, साखरपुडा रविवारी. नव्या साइटवरचं तिचं पान मी स्वतः काढून टाकलं होतं आणि त्याबद्दल स्वतःलाच शाबासकीही दिली होती.

"भाऊ, पोरना फोटो अजून तठेच शे!"

"आबा, काढलाय मी."

"काय काढा? मुलाच्या आत्यानी मले पाठाडा. 'इच्छुक' लिखेल शे. ती इचारस, 'अजून स्थळं देखी ऱ्हायनात का?' मी काय सांगू तिले?"

जुनी साइट मेली नव्हती. पाच वर्षांचा प्लॅन मीच घेतला होता. मेहुण्याला फोन केला, तो "हं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी केला, "दुकानात या" म्हणाला. बायकोने पिशवीत केळ्याचे वेफर्स भरले. "हे द्या त्याला. आणि जास्त बोलू नका. तुम्ही बोललात की वाढतं."

गुरुवारी जळगावहून धुळ्याच्या एसटीत बसलो. एरंडोल आलं तसा मी सीटमध्ये खाली सरकलो. काम झाल्यावर तोंड दाखवू, असा बेत होता. पण सकाळीच आबांनी घरी फोन करून बायकोला गाडीची वेळ विचारली होती. ते चढले आणि थेट माझ्याशेजारी बसले.

"काम व्हई का नही, मी डोयानी देखसू," म्हणाले. पारोळ्यानंतर म्हणाले, "पोर दोन दिवसपासून जेवेल नही."

धुळं यायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

मेहुण्याने आम्हाला स्टुलं दिली, पाणी दिलं, माझ्याकडे न बघता आबांचं सगळं ऐकून घेतलं. मग कीबोर्ड ओढला.

"दाजी, पासवर्ड?"

"तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कसा असेल? खातं तुमच्या नावावर आहे. पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं, जपून ठेवा म्हणून."

कागद आठवला. बिल समजून मी तो मंडळाच्या जुन्या पावत्यांत घातला होता, आणि त्या पावत्या गेल्या दिवाळीत रद्दीत गेल्या. मेहुण्याने 'पासवर्ड विसरलो' दाबलं. माझ्या खिशात फोन वाजला. बघितलं तर सहा आकडे आणि 'कुणालाही सांगू नका'. फसवणुकीपासून सावध राहा, यावर मंडळात मीच भाषण दिलेलं. मी मेसेज पुसून टाकला.

"आला का ओटीपी?"

"असले मेसेज मी लगेच पुसतो."

"अहो भाऊ, सांगी टाका ना!" आबा स्टुलावरून उठले. "दुनिया लुटाई गयी तरी चाली, मनी पोरना फोटो काढा!"

दुसऱ्यांदा आकडे आले, सांगितले. आत गेल्यावर मुलीचं पान सापडलं. कॉलेजातला फोटो, खाली मीच टाईप केलेलं 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष'. पान काढायचं बटण मेहुण्याने दाबलं, तर पडद्यावर प्रश्न आला: आपण या खात्याचे मालक आहात का?

मेहुण्याने माउस माझ्याकडे सरकवला. "दाबा दाजी. तीन वर्षं किल्ली माझ्याकडे होती म्हणे."

मी 'हो' दाबलं. पान गेलं.

आबांच्या मोबाइलवर फोटो तरीही दिसत होता. त्यांचा चेहरा पडला. "जुनं चित्र फोनने जपून ठेवलंय, आबा," मेहुणा म्हणाला आणि त्याने ते पुसून दाखवलं. मग आबांनी नरडाण्याला फोन लावला, स्पीकरवर. मुलाच्या आत्याने बघितलं, पुन्हा बघितलं.

"नही दिखत आता," ती म्हणाली. "पन फोटो भलता चांगला व्हता हो. मले व्हॉट्सॲपवर धाडा, आम्हना घरमा लावसूत."

आबा हसले. मेहुणाही. मी वेफर्सची पिशवी पुढे केली.

"बाकीची पानंही आजच काढू," मेहुणा पिशवी फोडत म्हणाला. "अर्ध्या पोरींना पोरं झाली असतील. बसा दाजी, जेवूनच जा." तीन वर्षांत त्याने मला जेवायला थांबवलं ते पहिल्यांदाच.

संध्याकाळच्या गाडीत आबा माझ्या खांद्यावर झोपले. हात बधिर झाला, पण हलवला नाही. एरंडोलला ते उतरले, दोन पावलं गेले आणि खिडकीपाशी परत आले.

"रविवारले येज्यात भाऊ. पन फोटो काढू नका."