चिंचोक्यांची कबड्डी

साजगावच्या आमच्या बौद्धवाड्यात वाल्मिक गायकवाडला पाठीमागे सगळे 'चिंचोके' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो शिवी देत नसे, नुसता बघे, आणि त्याच्या त्या बघण्यापेक्षा शिवी परवडायची. कारखान्यात तो वजनकाट्यावर होता. दिवसभर ट्रकांची वजनं लिहायची आणि संध्याकाळी आमच्या कबड्डी संघाच्या मागे लागायचं. संघाचा तो व्यवस्थापक, पण स्वतः आयुष्यात एकदाही चढाईला गेलेला नाही. लहानपणी झाडावरून पडून गुडघा कामातून गेला होता. मी सात वर्षं त्याच्या संघात डावा कोपरा सांभाळला आणि त्याच्याशी सगळ्यांत जास्त भांडलो, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे.

त्याचा घरचा खेळ असा. शाळेची एक जुनी पाटी, तिच्यावर खिळ्यानं ओढलेली मधली रेघ. रेघेच्या अलीकडे सात चिंचोके आमचे, पलीकडे सात त्यांचे. रेघेपासून तीन बोटांवर त्यांची फळी मांडलेली. आणखी पाच चिंचोके मधोमध फोडून ठेवलेले, एका अंगानं काळे, एका अंगानं पांढरे. ते टाकायचे. आमच्यातल्या जयवंताची चढाई असेल तर दोन पांढरे पडले की गुण, सोमाची असेल तर चार पडायला हवेत. हे आकडे काही हवेतले नव्हते. प्रत्येक सामन्यात वाल्मिकदादा वही घेऊन बसायचा आणि कोण चढाईला गेला, गुण आणला की पकडला गेला, सगळं टिपायचा. मग पुढचा सामना आधी पाटीवर दहा वेळा खेळायचा. त्याची बायको बायजावहिनी म्हणायची, "आमच्या घरात चिंच आमटीत कमी आन पाटीवर जास्त."

पण पाटी खोटं बोलायची. पाटीवर आम्ही अटीतटीच्या दहा सामन्यांपैकी सात जिंकायचो आणि मैदानावर सात हरायचो. आम्ही हसायचो, तो मात्र महिनाभर बेचैन होता. एके दिवशी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना त्यानं माझा दंड धरला.

"दामू, सापडलं. चिंचोक्याला घड्याळ कळत नाय. पयली चढाई आन शेवटची, त्याला सारखीच. मानसाला कळतं ना रं."

त्या दिवसापासून वहीत एक वेगळं पान सुरू झालं: शेवटची दोन मिनिटं. एका गुणानं पुढे असताना कोण काय करतो, मागे असताना कोण काय करतो, एवढंच त्या पानावर. वर्षभरानं ते पान त्यानं मला दाखवलं. सोमा, आमचा ठोंब्या सोमा, शेवटच्या दोन मिनिटांत चौदा चढाया. गुण एकही नाही, पण पकडला गेला एकदाच. पाताळगंगेत बुडी मारली की लोक किनाऱ्यावर घाबरायचे असा त्याचा दम होता. कबड्डी कबड्डी करत तो मिनिटभर सहज घालवायचा. आणि जयवंता? अकरा चढाया, सात वेळा पकडला गेला.

जयवंता म्हणजे वाल्मिकदादाचा धाकटा भाऊ आणि आमचा कप्तान. अडतीस मिनिटं खालापूर तालुक्यात त्याच्यासारखा चढाईपटू नव्हता. एकोणचाळिसाव्याला लोकांनी त्याचं नाव घेऊन ओरडायला सुरुवात केली की संपलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. गरज नसताना आत घुसायचा.

बाप गेल्यावर वाल्मिकदादानंच त्याला वाढवला होता. सहा वर्षं जयवंता आमच्याच कारखान्यात बदली कामगार होता. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी आलं नाही तर काम, नाहीतर घरी. वयाची अठ्ठावीस उलटली होती. सोयरीक ठरत आली होती, पण मुलीचा बाप म्हणायचा, आधी कायम होऊ द्या. अशात सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत खबर आली की खोपोलीच्या एका मोठ्या कारखान्याला आपल्या संघासाठी एक चढाईपटू हवा आहे, नोकरी कायम. त्यांचे खेळ बघणारे साहेब कळंबच्या स्पर्धेचा अंतिम सामना बघायला येणार होते, आणि त्यांच्या यादीत जयवंताचं नाव होतं.

आम्ही अंतिम फेरी गाठली. सामना दुपारी चारचा. साहेब पुढच्याच खुर्चीवर बसले होते, मांडीवर टोपी ठेवून. जयवंता असा खेळला की माझ्यासारख्या तिरसट माणसालाही शिट्टी वाजवावीशी वाटली. एकट्यानं अकरा गुण आणले. तरी समोरचा कर्जतचा संघ सोडेना. एक मिनिट उरलं तेव्हा आम्ही एकवीस, ते वीस, आणि चढाई आमची. जयवंता मधल्या रेषेकडे निघाला. लोक उठून उभे राहिले. "जयवंता! जयवंता!"

तेवढ्यात वाल्मिकदादानं सरपंचांकडे, म्हणजे मुख्य पंचांकडे, वेळ मागितली.

आम्ही त्याच्याभोवती गोळा झालो. त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली होती, आणि हात मात्र वहीवर घट्ट.

"सोमा जाईल," तो म्हणाला.

मी भडकलो. "दादा, साहेब बसलाय समोर! भावाच्या पोटावर पाय देतोस काय?"

"दामू, गप."

"सोमा? लोकं हसतील!"

"हसू दे. जिकलो तर नाय हसनार." मग तो सोमाकडे वळला. "सोम्या, ऐक. गुन नको. काय बी नको. तीन पावलांच्या पुडं जायचं नाय. मधल्या रेघेजवळ दम टिकवत ऱ्हायचं. शिट्टी होईपर्यंत. तीनच पावलं, कळलं?"

सोमानं मान हलवली.  जयवंतानं भावाकडे एकदा बघितलं आणि फळीत जाऊन उभा राहिला. त्या क्षणी मला वाल्मिकदादाचा राग आला होता, तितका पुढे कधी कुणाचा आला नाही.

सोमा गेला. कबड्डी कबड्डी कबड्डी. एक पाऊल, दोन, तीन, आणि मागे. पुन्हा तीन, पुन्हा मागे. लोक ओरडू लागले, कुणी चप्पल भिरकावली. दहा सेकंद, वीस सेकंद. कर्जतची पोरं पुढे येऊन त्याला डिवचत होती, तो ढिम्म. त्याचा आवाज गिरणीच्या पट्ट्यासारखा एकसारखा चालला होता. तीस. मला वाटलं, बरोबर होतं दादाचं. चाळीस. माझ्या पायांतला ताण उतरू लागला. पंचेचाळीस सेकंद झाले आणि त्या गोंगाटात सोमाचा दम नेहमीपेक्षा लवकर संपत आला, तसा तो व्यवस्थित मागे फिरून आमच्या अंगणात आला. आम्ही हात वर केले.

सरपंचांची शिट्टी झाली, पण सामन्याची नव्हे. त्यांनी बोट सोमाकडे केलं. बाद.

निदान रेषा! चढाईत एकदा तरी ती ओलांडावीच लागते, नाहीतर चढाई करणारा बाद आणि समोरच्यांना गुण. शेंबड्या पोराला ठाऊक असलेला नियम, पण त्या घाईत आमच्यातल्या कुणालाच आठवला नव्हता. मधल्या रेषेपासून दहा-साडेदहा फुटांवर ती रेषा, आणि सोमा तीन पावलांच्या पुढे गेलाच नव्हता. तो माझ्याकडे बघत राहिला. "मला तीन सांगितली, मी तीनच टाकली रं."

मी वाल्मिकदादाकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. त्याच्या पाटीवर मधली रेघ होती, आणि तीन बोटांवर फळी. निदान रेषा त्यानं कधी ओढलीच नव्हती.

एकवीस-एकवीस. पंधरा सेकंद. त्यांचा चढाईवाला आला तो थेट माझ्या कोपऱ्यावर. मी घोट्यावर झेप घेतली, घोटा हातात आला आणि सुटला. तो मला शिवून परत गेला. बावीस-एकवीस. खेळ खलास. दोष द्यायचा तर सोमाला आणि दादाला दिला तितका मलाही द्यायला हवा, पण त्या दिवशी कुणी माझं नाव घेतलं नाही.

वाल्मिकदादा लंगडत सरळ साहेबांच्या जीपकडे गेला. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मी मागोमाग गेलो.

"साहेब, चूक माझी हाय. सोमाला सांगताना मी चुकलो. माझ्या भावाची काय बी चूक नाय. त्याचा खेळ तुमी बघितलाच."

साहेब जीपमध्ये बसता बसता थांबले. माणूस वाईट नव्हता. "खेळ उत्तम आहे त्याचा. मी नाव जवळजवळ पक्कं केलं होतं. पण शेवटच्या मिनिटाला तुम्ही त्याला थांबवलंत. सोमा जिंकून आला असता तरी मी हेच म्हणालो असतो. तुम्ही त्याचे भाऊ. तुमचाच त्याच्यावर भरवसा नाही, तर मी कसा ठेवू?"

जीप गेली. वाल्मिकदादा धुळीत तसाच उभा होता. मला त्याला चार शब्द सुनावायचे होते, पण त्याचा चेहरा बघून मी नुसता त्याच्या काखेत हात घातला आणि टेंपोपर्यंत आणला.

 परतताना सोमा तोंडावर टॉवेल घेऊन बसला होता. कर्जतला चहासाठी टेंपो थांबला. बाकीचे टपरीकडे गेले, मी तिथंच थांबलो. जयवंता टेंपोच्या फळकुटाला टेकून उभा होता. वाल्मिकदादा त्याच्यापुढे गेला. मला वाटलं, थाप मारील. जागा भरली म्हणेल, वशिला लागला म्हणेल. मी मनात प्रार्थनाही केली की मार बाबा थाप.

"साहेब नाय म्हनाला," वाल्मिकदादा म्हणाला. "म्हनला, तुजाच त्याच्यावर भरवसा नाय तर मी कसा ठेवू."

जयवंतानं मान वर केली. "खरंच नव्हता?"

 वाल्मिकदादानं काखेतली वही हातात घेतली.

"नव्हता," तो म्हणाला. मग वही उघडून ते पान त्यानं भावापुढे धरलं. अकरा चढाया. सात पकडी. प्रत्येकीपुढे तारीख आणि गाव.

जयवंतानं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, वही फाडतो आता. त्यानं ती नीट मिटली आणि परत केली.

"लोकं नाव घेऊन वरडली की मला काय सुदरत नाय, दादा. मला वाटायचं, ते मलाच ठाव हाय." त्यानं माझ्याकडे बघितलं, मी नजर चुकवली. "तुला वरीसभर ठाव व्हतं. दामूला ठाव. मला सांगितलं असतंस, तर मी रोज शेवटची दोन मिनिटंच खेळलो असतो रं."

वाल्मिकदादानं वही पुन्हा काखेत मारली. तेवढ्यात टेंपोवाल्यानं हॉर्न दिला, आणि जयवंतानंच दादाला हात देऊन वर चढवलं.