रीसेटवर ठेवलेलं बोट

व्हेरिलॉग ही चिपची भाषा मी घरीच शिकले. आपण शब्दांत सर्किट लिहायचं आणि बोर्डवरची चिप तेच सर्किट होऊन बसते, हे मला फार आवडलं होतं. त्यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये दोघांत एक बोर्ड. माझा पार्टनर खापरखेड्याच्या कॉलनीतला, बोलका. पहिल्याच दिवशी त्याने बोर्ड स्वतःकडे ओढला.

"तू घरून कोड लिहून आन, बोर्डाचं मी पाहतो. जळलाबिळला तं रडत बसशीन."

मागचे हसले. मी कोड नेत गेले. तो चिपमध्ये भरायचा आणि मी त्याच्या खांद्यामागून बोर्डवरचे माझे दिवे एकामागून एक पळताना बघायचे. वर्षभर ते न चुकता पळाले.

शहरातल्या सदर भागात एका चिप डिझाइनच्या ऑफिसात इंटर्नशिपची एकच जागा होती. फायनल प्रॅक्टिकल ज्याचं उत्तम होईल, त्याचं नाव लॅबचे सर पाठवणार होते. मला ती जागा हवी होती. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

परीक्षा एकेकट्याची. मी माझा कोड भरला. एकही दिवा लागला नाही. सगळं थांबवून पहिल्यापासून सुरू करणारं रीसेटचं बटण दाबलं, तर उलट दिवे पळू लागले. बोट उचललं, सगळे विझले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"मॅडम, ऑफिसात दिवसभर बटण दाबून बसणार का?" बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. सर सगळ्यांत मोठ्यांदा हसले.

पुढचा नंबर पार्टनरचा. तो शेजारीच उभा होता. हळूच म्हणाला, "या बोर्डाचं बटण उलटं आहे वं. न दाबता एक देते, दाबलं का शून्य. मी दर वेळी तुह्या कोडात रीसेटच्या आधी एक उद्गारचिन्ह टाकत होतो, उलट्याचं सुलटं कराले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलं? तू तं बोलतच नाही कोणासंग."

कोड बदलायची वेळ संपली होती. परीक्षक मार्क लिहीत होते. तोवर मी बटणावरून बोट काढलं नाही. दिवे मी लिहिले होते तसेच, एकामागून एक पळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नेक्स्ट," सर म्हणाले.

आता सदरला तो जातो. कोड अडला की त्याचा फोटो टाकून मला मेसेज करतो, 'काहून नाही चालून राहिलं वं हे?' मी पूर्ण वाचते. चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा लगेच दिसतं. मग फोन पालथा ठेवते.